सिनेमातला डॉक्टर

सिनेमा मी आधी बघितला नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. डीव्हीडीच्या खोक्यामागचा मजकूर वाचला होता. सत्य घटना, ब्रिटनमधला एक तुरुंग, तिथून पळालेला एक कैदी. तेवढं मला पुरलं. पत्रकं लिहिणाऱ्यांना खोक्यामागचा मजकूर नेहमीच पुरतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एम.ए. करायला नागपूरहून बर्मिंगहॅमला आले होते आणि बाबांच्या एका जुन्या मित्राच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. त्यांना मी काका म्हणायची. काका डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. काकू शाळेत शिकवायच्या. अभ्यास सोडून उरलेला सगळा वेळ मी आमच्या कॅम्पेनला द्यायची. कॅम्पेन म्हणजे सहा माणसं, एका चर्चमागची थंडगार खोली आणि एक फोटोकॉपी मशीन. जवळच्या एका तुरुंगात एक तरुण कैदी छातीत दुखतंय म्हणून दोन दिवस सांगत होता. गार्ड म्हणाले, नाटकं करतोय. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची आई आमच्या प्रत्येक मीटिंगला चहाचा थर्मास घेऊन यायची आणि सगळ्यांना चहा ओतून झाला की शेवटच्या खुर्चीत बसायची. आमची मागणी साधी होती: कैद्याने दुखतंय म्हटलं की त्याच दिवशी डॉक्टरने तपासायचं. खरं की खोटं हे गार्डने ठरवायचं नाही. आमच्या सॉलिसिटर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की अर्जावर डॉक्टरांच्या सह्या नसतील तर तो कोणी वाचणारसुद्धा नाही.

आणि डॉक्टर तर आमच्या महाराष्ट्र मंडळात पोत्याने होते!

पहिला अर्ज मी काकांपुढे ठेवला. सोबत मंडळासाठी खास मराठीत लिहिलेलं पत्रक. त्यांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "मी नाही करणार सही." का, ते सांगितलं नाही. मी आठवडाभर धुमसत होते. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला तपासणारा हा माणूस! मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोट ठेवायच्या खोलीत त्यांचा दवाखाना भरायचा. "डॉक्टर, जरा बघता का?" म्हणत लोक आत शिरायचे आणि काका जेवणाचं ताट खाली ठेवून आधी दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळायचे. हात गरम झाल्याशिवाय त्यांनी कुणाच्या पोटाला हात लावलेला मी पाहिला नाही. आपल्या माणसांसाठी हात गरम, आणि कैद्यांसाठी एक सहीसुद्धा नाही. भित्रा मध्यमवर्ग, असं मी डायरीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

मग मी ठरवलं, मंडळात सिनेमाच दाखवायचा. रविवारचं मसालेभाताचं जेवण, त्यानंतर सिनेमा, त्यानंतर सह्या. नाश्त्याला मी सिनेमाचं नाव सांगितलं तेव्हा काकांनी हातातला टोस्ट खाली ठेवला.

काकू म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ हं."

"येतो की," काका म्हणाले. "बघू तरी."

मला वाटलं, काकूंना मारामारी आवडत नसेल.

शाळेच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. सिनेमा खरोखर सुंदर होता आणि हे मी आजही म्हणेन. सत्य घटनेचं भांडवल करणारे सिनेमे मी पुष्कळ बघितलेत, पण ह्यात भडक काही नव्हतं. पहिला तासभर संगीतसुद्धा नाही. एक माणूस आवारात रोज तीच चक्कर मारतो आणि पावलं मोजतो. गार्ड चहाला कधी जातात, कोण दार दोनदा ओढून लावतो, कोण एकदाच, हे तो नुसता बघत राहतो. पळणं म्हणजे धावणं नसतं, महिनोन् महिने लक्ष देणं असतं, हे त्या दिग्दर्शकाने एकही भाषण न लिहिता दाखवलं होतं. माझ्या पत्रकांत दर दुसऱ्या ओळीला भाषण असायचं. मी अंधारात खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

आणि मग तो कैदी साबण खातो.

साबण खातो, ओकतो, पोट धरून लोळतो. तुरुंगाचा डॉक्टर येतो. गोरा, गुबगुबीत, खिशात व्हिस्कीची चपटी बाटली. पोटाला एक बोट लावतो, घड्याळ बघतो आणि बाहेरच्या हॉस्पिटलला न्यायची चिठ्ठी लिहून देतो. वाटेत सिग्नलला गाडी थांबते, साथीदार आलेले असतात, पक्षी उडाला. हॉलमध्ये हशा झाला. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. डॉक्टर मंडळी तर डोळे पुसत होती. मीही हसले. चांगली मोठ्याने हसले. काका माझ्या शेजारी होते, त्यांच्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

दिवे लागल्यावर मी अर्ज घेऊन पुढे गेले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळाचे सेक्रेटरी भूलतज्ज्ञ होते. मोठ्या हॉस्पिटलात, आणि आवाजही मोठा. माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखे बोलायचे.

"अगं, तूच आत्ता दाखवलंस ना? साबण खाल्ला आणि गेला पळून! आणि आम्ही सही करायची की, ह्यांना लगेच डॉक्टर द्या म्हणून?"

लोक हसले. मी म्हणाले, "अहो, एका माणसाने सोंग केलं म्हणून—"

"तुझ्या पत्रकात काय लिहिलंयस? वाचू? 'तुरुंगात कोणीही आजारपणाचं सोंग करत नाही. सोंग करते ती व्यवस्था.' वा! टाळ्यांचं वाक्य आहे. फक्त खोटं आहे." मग ते सगळ्यांकडे वळले. "आणि तो डॉक्टर! काय ध्यान होतं! कुठल्या कॉलेजातून आला होता देव जाणे."

"मुंबईच्या," मागून काका म्हणाले.

पुन्हा हशा झाला.

"नाही, खरंच. तो डॉक्टर म्हणजे मी."

आधी कुणाला कळलं नाही. मग एकेक मान मागे वळली. काका उठून उभे राहिले होते. कोट घालूनच, जणू निघालेच होते.

"व्हिस्की त्यांनी पदरची घातली आहे. मी तेव्हाही घेत नव्हतो, आताही घेत नाही."

"ख्रिसमसला शेरी घेता," काकू खुर्चीवरूनच म्हणाल्या.

"शेरी घेतो. साबण मात्र खरा आहे. मी त्या तुरुंगात पार्टटाइम होतो. ह्या देशात येऊन चार वर्षं झाली होती. चौकशी बसली. गार्ड म्हणाले डॉक्टरची चूक. मला विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हटलं, हो, मी फसलो. तो माणूस काही आठवड्यांत सापडलाही. इथपर्यंत काही नाही, माणूस फसतो. पुढचं सिनेमात नाही."

त्यांनी चष्मा पुसला.

"पुढच्या महिन्यात दुसरा एक कैदी आला. पोटात दुखतंय म्हणाला. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, साबणाचा येतोय का म्हणून. पोटाला हातसुद्धा लावला नाही. परत पाठवला. दोन दिवसांनी त्याचं अपेंडिक्स फुटलं. तो वाचला. माझ्यामुळे नाही. पहिल्याबद्दल माझी चौकशी झाली. दुसऱ्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नाही."

मंडळात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. प्रत्येक गणपतीला पहिल्या रांगेत. ही गोष्ट काकूंखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि काकांनी ती साठ माणसांसमोर सांगितली. त्यांतले निम्मे डॉक्टर. दहा मिनिटांपूर्वी तेच त्यांना हसत होते. मी मोर्चांत पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत. बहुतेक शूर माणसं दुसऱ्याची चूक सांगत असतात.

काका टेबलाशी आले. मी अर्ज पुढे केला, तर म्हणाले, "आधी ते पत्रक दे."

खिशातून पेन काढून त्यांनी माझं टाळ्यांचं वाक्य खोडलं, दोन्ही ओळी. वर बारीक डॉक्टरी अक्षरात लिहिलं: 'काही जण सोंग करतात. तरीही तपासा.'

मग अर्जावर सही केली.

मला ओशाळायला झालं होतं, आणि मी ओशाळले की भांडते. "तुम्हाला माहीत होतं ना सिनेमात काय आहे? मग आधी का नाही सांगितलंत मला?"

"तू विचारलंस कुठे? तू पत्रक दिलंस."

सेक्रेटरी कोट शोधायला गेले. त्यांनी सही केली नाही, शेवटपर्यंत नाही. पण एक हाडांच्या डॉक्टर बाई पुढे आल्या, मग आणखी दोघं, मग एक जोडपं. संध्याकाळपर्यंत नऊ सह्या झाल्या. मी सगळ्यांच्या सह्या मागायला आले होते. पण सॉलिसिटर बाई नऊवर खूश होत्या, आणि त्या गेलेल्या कैद्याच्या आईने अर्ज हातात घेऊन एकेक नाव सावकाश वाचलं. काकांनी आपल्या नावापुढे त्या तुरुंगाचं नाव आणि आपलं तिथलं पद लिहिलं होतं. तिथे ती आई जरा जास्त वेळ थांबली.

उरलेली तीनशे पत्रकं काकूंच्या डायनिंग टेबलावर होती. पुन्हा छापायची म्हटलं तर काकू म्हणाल्या, "काही गरज नाही, हात आहेत ना?" तिघं पेनं घेऊन बसलो. मी खोडत होते, काकू वर नवीन ओळ लिहीत होत्या, काका घड्या घालत होते.

शंभरेक झाल्यावर मी विचारलं, "सिनेमा कसा वाटला पण?"

"चांगला केलाय," काका म्हणाले. "पावलं मोजण्याचं फारच छान. एकच गोष्ट खटकली." त्यांनी एक घडी नखाने दाबून बसवली. "त्या डॉक्टरने हात गरम न करताच पोटाला लावला. मी तसं कधी केलं नाही गं."