हुसेन बाइंडरचे द्रोण

"एका जेवणापुरतं टिकावं. पुढं गुरानं खावं, न्हाईतर मातीनं."

द्रोण हातात घेऊन हुसेन बाइंडर हे म्हणायचा, आणि म्हणून झालं की द्रोण पालथा करून त्यावर टिचकी मारायचा. शिराळ्यात त्यानं तीस वर्षं शाळेची पुस्तकं बांधली, तलाठ्याची दप्तरं बांधली. पन्नाशी उलटली आणि सुईत दोरा ओवेना. डोळे उणे झाले. हात मात्र चिकटवायच्या खळीला अजून पक्के होते.

दुष्काळानंतर पळसाला पानं लहानच येत होती. पत्रावळी लावणाऱ्या रंगुबाईचे द्रोण गळू लागले. काडी टोचलेल्या जागेतून आमटी पाझरायची. हुसेननं ते पाहिलं आणि रेशनची किडकी जवारी तीन दिवस भिजत घातली. कुरडयांसाठी बायका गव्हाचा चीक काढतात, तसा त्यानं जवारीचा चीक काढला आणि मंद जाळावर त्याची खळ शिजवली. दोन पानांमध्ये ती खळ लावायची, पानं पितळी वाटीत बसवायची आणि वरून निखाऱ्यावर तापवलेली दुसरी वाटी दाबायची. चर्र आवाज यायचा. भाकरी करपल्यासारखा वास सुटायचा. द्रोण निघायचा तो एकसंध, काडी नाही की भोक नाही.

"पानं माजी आन् नाव तुमचं," रंगुबाई म्हणायची. पण पानं तीच आणून द्यायची.

पंच्याहत्तर साली मोठी शेतीवाडी असलेल्या हंबीररावांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी हुसेनला बाराशे द्रोण सांगितले. असं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. एवढं लग्न नीट पार पडलं की गावोगावचे लोक येणार, डोळ्यांवाचून पोट भरणार. हुसेननं बाइंडिंगची हत्यारं पेटीत बंद केली आणि महिनाभर वाटीपुढं बसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी द्रोणांच्या करंड्या मांडवात पोचल्या. घरी त्याची बायको हाजराबी खळीचं पातेलं घासत होती. ती थांबली.

"आवं, ह्या कडंला निळं काय हाय?"

हुसेननं पातेलं उजेडात धरलं. मग फळीवरची मोरचुदाची पुडी चाचपली. ती उघडी होती, निम्मी रिकामी. पुस्तकाच्या खळीत मोरचूद घालावाच लागतो. त्या विषानं कसर लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत. तीस वर्षं खळ आटत आली की त्याचा हात आपोआप त्या फळीकडं जायचा. द्रोणाच्या खळीच्या वेळीही गेला होता. एकदा की दहादा, ते त्याला सांगता येत नव्हतं.

"कुणाला कळणार हाय?" हाजराबी हळूच म्हणाली. आणि तिनंच पदर तोंडाला लावला.

हुसेन तसाच मांडवात गेला. रंगुबाई तिथं पत्रावळी रचत होती.

"हंबीरराव, ह्या द्रोणांत जेवू नका. खळीत मोरचूद पडलाय."

"किती?"

"चिमूटभर. कितींदा आन् कंच्या द्रोणात, ते कळत न्हाई."

"चिमटीनं काय हुतंय, हुसेनभाई? उद्या बाराशे माणूस बसतंय. आमटी काय वंजळीत वाढू?"

"जेवल्यावर ही पानं तुमच्याच गुरांम्होरं पडत्यात."

हंबीरराव हसले. "डोळं गेलं म्हणून आता हातावर बी संशय व्हय?"

हुसेन करंड्यांकडं वळला. एक करंडी उचलून तो मांडवामागं गेला आणि द्रोण पेटवले. वरचे पिवळे जळाले. हंबीरराव हाताची घडी घालून बघत होते. करंडीच्या तळाचे द्रोण पेटले तशी ज्वाळा हिरवी झाली, मोराच्या मानेसारखी. मोरचूद जळतो तो असाच हिरवा.

"सगळ्या करंड्या आणा," हंबीरराव गड्यांना म्हणाले.

रंगुबाईनं पुढच्या हंगामासाठी राखलेली पानं घरातून आली. गल्लीतल्या बायका द्रोण लावायला बसल्या. हुसेन कडेला उभा होता. रंगुबाई थोडी सरकली.

"बसा हितं. दोरा ओवायचा न्हाई, काडी टोचायची हाय. ते आंधळ्याला बी जमतंय."

तो बसला. पान डोळ्याजवळ धरून दिवस कलेपर्यंत टोचत राहिला. गळणारे का होईना, द्रोण पुरे झाले.

"उद्या जेवायला या, हाजराबीस्नी घिऊन," हंबीरराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले. पण द्रोणाचं काम पुन्हा कुणी सांगणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि हुसेनलाही.

हुसेननं सगळी राख घमेल्यात भरली.

"ऱ्हाऊ द्या की," रंगुबाई म्हणाली. "गडी टाकतील उकिरड्यावर."

"तितं गुरं तोंड घालत्यात. माज्या घरामागच्या परड्यात खोल खड्डा काढतो."

घमेलं डोक्यावर घेऊन तो निघाला. मोरणा नदीच्या पुलाकडं उतार होता. पायानं वाट चाचपत, सावकाश चालत होता. रंगुबाई मांडवाच्या मेढीला टेकून, हातात अर्धा लावलेला द्रोण धरून, तो पुलापलीकडं दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.