मागे मागे जाणारं भूत

आमच्या सासूबाई भूत होत्या. सिनेमातल्या. लग्न ठरलं तेव्हाच नवऱ्याने मला बजावलं होतं, "आईकडे सिनेमाचा विषय काढू नकोस, नाहीतर संध्याकाळ गेलीच समज." मी पहिल्याच आठवड्यात काढला आणि संध्याकाळ खरंच गेली. पण काय मजेत गेली!

सासरे, म्हणजे बाबा, तरुणपणी एका लहानशा फिल्म कंपनीत दिवे लावायचं काम करत. कंपनी कसली, एक कॅमेरा, एक गळकी शेड आणि तोंडभर आश्वासनं. बाबांच्या ओळखीने आई तिथे कपडे शिवायला जाऊ लागल्या. एक भुताचा सिनेमा निघाला. भुताचा पांढरा पायघोळ झगा आईंनी शिवला आणि कसा दिसतो बघायला स्वतःच घालून उभ्या राहिल्या. नेमकी त्याच दिवशी भुताचं काम करणारी नटी रुसून बसली. तोंडाला खडूची भुकटी फासून घेणार नाही म्हणाली आणि घरी गेली. दिग्दर्शकाने शेडमध्ये नजर फिरवली, तर भूत समोर तयार उभं, हातात कात्री घेऊन.

आता त्या भुताची करामत ऐका. दिग्दर्शकाच्या डोक्यात एक भारी युक्ती आली होती. भुताने झोपलेल्या नायिकेच्या खाटेपासून दारापर्यंत मागे मागे चालत जायचं. मग ती फिल्म उलटी छापायची. म्हणजे पडद्यावर भूत दारातून खाटेकडे येताना दिसणार, पण कपडा, केस, पावलं सगळं विचित्र, माणसासारखं नव्हेच. आईंनी घरी त्याची इतकी तालीम केली की शेजारच्यांना वाटलं, नव्या सुनेचं डोकं फिरलं. ती कला त्यांच्या अंगात कायमची राहिली. मला त्यांनी करून दाखवली होती. शिलाई मशीनपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, डोळे माझ्यावर रोखून, मागे न बघता, कुठेही न अडखळता. भर दिवसा माझ्या अंगावर काटा आला.

सिनेमा लागला तेव्हा माझा नवरा पोटात होता. पोटुशीने भुताखेताचं बघू नये, असं बाबांनी आणि त्यांच्या आईने ठरवून टाकलं. आई स्वतःच भूत होत्या ही गोष्ट वेगळी. बाबा एकटे जाऊन बघून आले. "थेटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता," त्यांनी सांगितलं. "तू आलीस आणि बायका किंचाळल्या. एक माणूस तर उठून पळाला." बाळंतपण उरकेपर्यंत सिनेमा उतरला होता. पुढे बाबा म्हणाले, प्रिंट जळाली. आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. दिग्दर्शक म्हणे हळहळत होता, "बाईंनी काम इतकं जबरदस्त केलं की त्यांचा चेहरा बघूनच लोक धसका घेतील, आता दुसरी भूमिका कोण देणार?"

यावर आईंनी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, त्याच्या जिवावर त्या जगल्या. पुढच्या खोलीत बसून त्यांनी लोकांचे पडदे, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे शिवले. कुणी म्हटलं, "काकू, तुम्ही सिनेमात होता ना, मग सोडलंत का?" की त्या मशीन थांबवून सांगायच्या, "फार चांगलं केलं, म्हणून सुटलं." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की समोरच्याने वाद घालू नये. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईकडे स्वतःची म्हणून एवढीच एक गोष्ट होती.

आणि मागच्या महिन्यात माझ्या नवऱ्याला तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. कुणा जुन्या भयपटांच्या शौकिनाने टाकला होता, आख्खा.

रविवारी दुपारी टीव्हीवर लावायचं ठरलं. आईंनी ठेवणीतली साडी नेसली. मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? पहिला खेळ आहे माझा." बाबांची मात्र सकाळपासून चुळबुळ चालली होती. "जुनं ते जुनं, कशाला उकरून काढायचं? चित्र धड दिसायचं नाही." मग त्यांना अचानक जिन्यातला दिवा दुरुस्त करायची आठवण झाली आणि ते स्टूल घेऊन बाहेर गेले. तो दिवा चांगला चालू होता.

सिनेमा भिकार होता, कशाला खोटं बोलू? वटवाघूळ दोरीला लटकलेलं स्पष्ट दिसत होतं. पण आई श्वास रोखून बसलेल्या. तो प्रसंग आला. खाटेवर नायिका झोपलेली. खाटेशेजारी भूत उभं. आणि ते भूत मागे मागे जाऊ लागलं. नायिकेपासून लांब लांब, दाराकडे. फिल्म कुणी उलटी छापलीच नव्हती! दारापाशी भुताचं कोपर चौकटीवर आदळलं, भुताने डोळे मोठे करून ओठ घट्ट मिटले, मग पुन्हा भुताचा चेहरा केला आणि ते अदबीने बाहेर निघून गेलं. त्यानंतर नायिका जागी होऊन किंचाळली.

माझा नवरा फस्सकन हसला आणि लगेच त्याने जीभ चावली. मी ओठ दाबून जमिनीकडे बघत राहिले. आईंनी त्याच्या फोनकडे बोट दाखवलं.

"खाली लोकांनी लिहिलंय ना काहीतरी? वाच," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना आई."

"वाच म्हटलं ना."

तो फोनवर वाचू लागला. 'रिव्हर्स गिअरमधलं भूत.' 'चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलं, सॉरी म्हणून परत गेलं.' 'गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं वाटतं भुताला.' 'कोपर आपटल्यावरचा चेहरा दहा वेळा बघितला, पोट दुखलं.' 'सगळ्या सिनेमात अभिनय येतो तो फक्त या भुताला. कोण आहे ही बाई? पुढे कुठेच कशी दिसली नाही?' मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचं आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'मी हा तेव्हा थेटरात पाहिला आहे. या प्रसंगाला लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. शिट्ट्या वाजायच्या. आम्ही मित्र केवळ या भुतासाठी पुन्हा गेलो होतो.'

"हे पुन्हा वाच," आई म्हणाल्या. त्याने पुन्हा वाचलं.

बाबा स्टूल घेऊन दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही.

"अहो," आई म्हणाल्या, "बायका किंचाळल्या म्हणाला होता ना तुम्ही?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं. पोटुशी होतीस. हसले म्हणून कसं सांगणार?"

इथवर मला बाबांची दयाच आली. बायकोचं मन राखायला थाप मारली, त्यात काय एवढं? पण आई थांबल्या नाहीत. "आणि दिग्दर्शकाचं? माझ्या चेहऱ्याचा लोक धसका घेतील म्हणाला, ते?"

बाबांनी स्टूल खाली ठेवलं. बराच वेळ ते त्याचा पाय नीट टेकतोय का हेच बघत होते.

"तो घरी आला होता," शेवटी ते बोलले. "तू माहेरी होतीस, बाळंतपणाला. विनोदी सिनेमा काढत होता. मोठं काम होतं तुला. म्हणाला, बाई नुसती उभी राहिली तरी लोक हसतात, असं माणूस शोधून मिळत नाही. माझं डोकंच फिरलं. सगळ्या गावाने माझ्या बायकोला हसायचं? तिला असलं आवडत नाही म्हणून सांगितलं आणि वाटेला लावला त्याला."

"मला का नाही विचारलंत?"

"तू हो म्हणाली असतीस."

मी बाबांना कायम फार सज्जन समजत आले. आवाज चढवत नाहीत, ताट स्वतः उचलतात, सुनेला लेकीसारखं वागवतात. त्या क्षणी मला त्यांचा असा संताप आला की उठून निघून जावंसं वाटलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. काम हिसकावून घेतलं ते घेतलंच, वर आईंनी आयुष्यभर मान ताठ करून सांगावं म्हणून एक खोटं हातात दिलं. आणि त्या बिचाऱ्या ते गिऱ्हाइकांना सांगत बसल्या.

आई रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "मी तुम्हाला सोडून नसते हो गेले. बाळ घेऊन कामावर गेले असते. तुम्हीच तर दिवे लावायला होता तिथे." बाबा पुढे येऊन काही बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला येतं ना गं त्याच्यात लिहिता? त्या बाईने विचारलंय ना, पुढे कुठे दिसली नाही म्हणून. तिला उत्तर लिही."

"बाई आहे की पुरुष, कोण जाणे आई. काय लिहू?"

"आता कशाला चव्हाट्यावर?" बाबा पुटपुटले. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले.

'हे भूत म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना पुढचं काम आलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्या हो म्हणाल्या असत्या.'