तोरणाचा दोर

उंद्रीचे भगवंतराव म्हणजे हौशी माणूस! ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत त्यांनी पोळ्याचं छोटंसं संग्रहालय मांडलं. झुली आल्या, घुंगुरमाळा आल्या. अडलं ते तोरणाच्या दोरापाशी. पूर्वी त्या तोरणाखालून मानाची पहिली जोडी भगवंतरावांच्याच घरची जायची. दोर वळायचा किसन, आणि त्याचे बैल मात्र सगळ्यांच्या शेवटी. किसनचा अखेरचा दोर त्याच्या बायकोनं, कौतिकाबाईनं, जपून ठेवला होता.

"दोर देईन भाऊ," ती म्हणाली, "पण त्याखाली तुमच्याच बैलायचं कौतुक लिहान, तर नाही देत."

भगवंतरावांनी पाटीवर सगळं खरं लिहिलं: दोर किसनचा, मान आमचा, किसनची जोडी कायम शेवटी.

मुलगा कुरकुरला, "बाबा, आपलीच अब्रू काऊन टांगता?"

"दोर टांगला त हेबी टांगाच लागते बे!"

उद्घाटनाला तोच दोर दारावर बांधून आंब्याची पानं लावली. नारळ फुटला, आणि सवयीनं भगवंतरावच पुढे निघाले! एक पाय उंबऱ्याच्या आत पडल्यावर उमगलं. जीभ चावून ते मागे सरले.

"वहिनी, पहिले तुम्ही."

"काय भाऊ, मी का बैल हाये?"

सगळे खो-खो हसले. कौतिकाबाईनं पदर सावरला, दोराला हात लावला आणि ऐटीत आत गेली.

"या आता," ती आतून म्हणाली, "पण भाऊ, तुम्ही सगळ्यायच्या शेवटी!"

भगवंतराव खुशीत रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.