वाळवंटातलं पोतं, बर्फातला झरोका

नोव्हेंबरच्या पहिल्या हप्त्यात बदलीचा हुकूम आला. साल छप्पन. राजस्थानच्या वाळूतली चौकी सोडायची आन् काश्मीरच्या डोंगरात जायचं. हवालदार गोविंदसिंगनं हुकूम वाचला तसे आमच्या सेक्शनमधले सारे खूश. कोणी सफरचंदाचं बोले, कोणी अक्रोडाचं. दोघंच गप होते. एक मी, नाचणगावचा. दुसरा गुणवंत, सिंदी रेल्वेचा. दोघंबी वर्धा जिल्ह्यातले, दोघंबी सिग्नलमन, म्हणजे वायरलेसचा सेट चालवणारे.

हवालदार आम्हाले "वर्धा वन" आन् "वर्धा टू" म्हणे, जसे का आम्हीच सेट.

"क्यों वर्धा टू, मुँह क्यों उतर गया?"

"साब, उधर धूप नहीं रहती," गुणा म्हणे.

"धूप का अचार डालेगा?"

सारे हासले. मी लगेच मिशीवर बोट फिरवून हवालदाराच्या आवाजात तेच वाक्य म्हणून दाखवलं. नकला करणं हा माहा जुना रोग. त्यापायी पुलगावच्या शाळेत छड्या खाल्ल्या, फौजेत पाठीवर ओझं बांधून ग्राउंडले चकरा मारल्या.

आता नोकरी संपवून घरी आलो तर गावातले लोकं विचारतात, "काबे फौजी, मे महिन्यात सारं गाव सावली धुंडते, तू उन्हात खाट टाकून बसतं. डोस्कं फिरलं का?" मी सांगतो, मले गरम वाळवंट द्या, ढगाची थंडी नको. लोकाईले मजाक वाटते. म्हणून एकदा सारं बराबर लिहून काढतो.

वाळवंटातलं रूटीन सोपं होतं. पाच वाजता पी.टी. सहा ते बारा एकाची सेटवर ड्युटी, बारा ते सहा दुसऱ्याची. दर तासाले बेसशी बोलायचं, "ऑल ओके, ओव्हर" म्हणायचं. दुपारी सेटचं बटन हाताले चटके दे. आंघोळीले एक मग पाणी. भांडे वाळूनं घासायचे, पाण्याचं काम नाई. घाम यायच्या आधी वाळे. माणूस येत असन तर दोन मैलांवरून दिसे. आन् सूर्य कधी ड्युटीले लेट नाई.

आमच्यात एकाचेच हाल होते, हवालदाराचे. तो गढवालचा, पहाडातला माणूस. मे महिन्यात लू, म्हणजे आगीसारखा गरम वारा, सुरू झाली तशी त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. तीन दिवस झोपडीत आडवा पडला. मेडिकलवाल्यानं गोळ्या देल्या, काही फरक नाई.

गुणा म्हणे, "याले आपल्या घरच्यासारखं ठेवू."

आमच्या इकडं चैत लागला का घरोघरी एकच काम. खिडकी, झरोका, दाराची फट, जिथून म्हणून हवा येते तिथं पोतं. बारक्या भोकात चिंध्या. पोत्यावर पाणी मारायचं. अकरा वाजता घर बंद, पाच वाजता उघडं. आम्ही दोघांनी झोपडीची एकूण एक फट बुजवली. पाणी कुठून आणावं? तर दोघांचं आंघोळीचं पाणी पोत्यावर मारलं. चार दिवस आमच्याजवळ कोणी बसे नाई.

पाचव्या दिवशी हवालदार उठून बसला, आमच्याकडं पाह्यलं.

"वर्धा, तुम लोग इंजीनियर हो."

तवापासून कुठं भोक दिसलं का पुकारा होये, "बुलाओ वर्धा को!" भोक बुजवण्यात आमचा हात धरणारा कोणी नव्हता. हे लक्षात ठेवजा.

गुणाचा बाप सिंदीले रेल्वेत गँगमन होता. मी त्याले एकदाच पाह्यलं होतं, सुट्टीवरून वापस जाताना, फलाटावर. पण आवाज पकडाले मले दोन मिनिटं पुरतात. बसका आवाज, अर्धा बिडीचा, अर्धा हाकेचा. रोज सकाळी पोराले एकच वाक्य म्हणून उठवे. गुणाची ड्युटी असली का मी त्याच्या कानाशी जाऊन त्याच आवाजात म्हणो, "गुना, पॅसेंजर सिग्नलले लागली, उठ!" तो झोपेतच चप्पल धुंडे. मंग शिव्या दे. घरी पत्रात लिहे, "बापू, इथं एक नकल्या हाय, तुमचा आवाज हुबेहूब काढते."

डिसेंबरात आम्ही काश्मीरच्या पोस्टवर चढलो. सहा माणसं. दोन बंकर, एक सेटचा, एक झोपायचा, मधात चाळीस पावलं. पहिल्या दिवशी बर्फ पाहून मीबी पोरावानी नाचलो. तिसऱ्या दिवशी ढग आले ते गेलेच नाई. खाली उतरून आमच्यावरच बसले. दहा वाजता आन् चार वाजता सारखाच उजेड, राखेसारखा. चाळीस पावलांवरचा बंकर कधी दिसे, कधी नाई. मोजे वाळत नव्हते. कांबळ ओली, पीठ ओलं, बोलणंबी ओलं. कोणी कोणाशी भांडेसुद्धा नाई. मी हवालदाराची नक्कल केली तर लोकं नुसते पाहत.

हवालदार मात्र तिथं पोरगा झाला. टणटण चाले. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाले झोपायच्या बंकरात उभं केलं आन् दारावरचा झरोका दाखवला. वीतभर रुंद.

"यह बंकर की साँस है. बंद नहीं होगा. और सोते समय अंगीठी बाहर. समझे?"

"जी साब!"

अंगीठी म्हणजे कोळशाची शेगडी. तो गेल्यावर गुणा म्हणे, "या बुड्याले मे महिन्यात आपुन भोकं बुजवून वाचवलं. आन् हा आपल्यालेच भोक शिकवते."

मी हवालदाराच्या आवाजात म्हटलं, "वर्धा, तुम लोग इंजीनियर हो." त्या पोस्टवर गुणा खदखदून हासला तो तेवढाच.

ढगाचा नववा दिवस. बाकीचे तिघं गस्तीवर, हवालदार खाली वाटेवरचं बर्फ काढत. गुणाची ड्युटी सकाळी सहा ते बारा. बारा वाजता मी सेटवर गेलो तर तो कापून राह्यलता. दात वाजत होते, लॉगबुकातलं अक्षर वाकडं झालतं.

"ताप हाय का बे?"

"ताप नाई. ऊन नाई."

"जाऊन झोप. तीन वाजता चहा घेऊन येजो."

हा आमचा नियम होता. झोपून उठलेल्यानं तीन वाजता सेटवाल्याले चहा न्यायचा. पण माहे दस्ताने झोपायच्या बंकरात राह्यलते, म्हणून त्याले पाच मिनिटं सेटवरच बसवलं आन् आधी मी एकटा तिकडं गेलो. झरोक्यातून बर्फाची भुकटी त्याच्या कांबळीवर पडून राह्यलती. कोपऱ्यात बटाट्याचं रिकामं पोतं होतं. मी त्याची घडी केली आन् झरोक्यात ठोसली. बाजूच्या फटीत चिंध्या भरल्या. बारीक काम केलं. घरी माय पाहती तर शाबास म्हणती. वापस येऊन त्याले सांगितलं, "जाय, तुहा बंगला तयार हाय."

शेगडी बाहेर होती. ती त्यानं आत घेतली. मले माहीत नव्हतं. झरोका बुजवला हे माहीत असून त्यानं काऊन घेतली, ते विचारू नका. आम्ही हवेले दुश्मन समजणारे लोकं. हवा कोंडली म्हणजे माणूस वाचला, हे आम्हाले लहानपणापासून ठाऊक.

एक वाजता, ऑल ओके. दोन वाजता, ऑल ओके. तीन वाजता चहा आला नाई. वाटलं, झोपू द्या. तीन वीसले दारात उभा राहून हवालदाराच्या आवाजात ओरडलो, "वर्धा टू! बाहर आ!" या आवाजाले तो नेहमी पळत ये. कोणी आलं नाई. साडेतीनले बेसले हवामानाचा रिपोर्ट द्यायचा होता. सेट सोडून जायचा हुकूम नाई. मी वाट पाह्यली. ते दहा मिनिटं लॉगबुकात कुठं नाई.

तीन एकतीसले रिपोर्ट देला आन् खऱ्या हवालदाराले हाक मारली.

हवालदारानं लाथेनं दार उघडलं. गुणाकडं नाई, त्यानं आधी वर झरोक्याकडं पाह्यलं. मंग दोघांनी गुणाले ओढून बाहेर बर्फावर आणलं. त्याचे गाल लाल होते. लालबुंद, जसा दिवसभर वाळूत हिंडून आला. मले वाटलं, बरा हाय. नऊ दिवसांत एवढा बरा तो कधी दिसला नव्हता. कोंडलेल्या कोळशाच्या धुरानं गाल असेच लाल होतात, हे मले मागून समजलं.

"सेट पर जा. डॉक्टर माँग."

मी सेटवर पळालो.

"बेस, पोस्ट से बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. कोळशाचा धूर. डॉक्टर पाहिजे. ओव्हर." अर्धं मराठीत गेलं, बेसले समजलं.

"पोस्ट, रास्ता बंद है. बादल है. सुबह से पहले नहीं. साँस देते रहो. ओव्हर."

"पोस्ट, ओके, आउट."

वापस आलो. त्याले पालथं टाकून आम्ही आळीपाळीनं पाठ दाबत राह्यलो, हात वर घेत राह्यलो, ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं. हवालदार आकडे मोजे, मी दाबो. मधात मी त्याले हाका मारल्या. आधी हवालदाराच्या आवाजात, हवालदाराच्या समोर. मंग पलटणीच्या सी.ओ. साहेबाच्या. मंग त्याच्या बापाच्या. तो आवाज मी पुन्हा पुन्हा काढला.

चार पन्नासले हवालदारानं माहे हात धरले. "बस."

मंग तो बंकरात गेला, पोतं काढलं आन् दरीत फेकून देलं.

तिसऱ्या दिवशी ढग फाटले. मेजर साहेब वर आले. गुणाले पोस्टच्या खाली अग्नी देला, लाकडं ओले, रॉकेल लय लागलं. साहेबानं झरोक्याचं विचारलं, "व्हेंट?"

"बर्फ से बंद हो गया, साब," हवालदार म्हणे.

मी तोंड उघडलं. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी बंद केलं. साहेब खाली गेल्यावर तो एवढंच म्हणे, "एक गया. दूसरा नहीं जाएगा." सिंदीले पत्र गेलं, त्यात बर्फच लिहिला होता.

मे महिन्यात सुट्टी मिळाली. घरी एक दिवस राह्यलो आन् पॅसेंजरनं सिंदीले उतरलो. दुपारचा एक. गुणाच्या बापूची खोली रुळाच्या कडेलेच. खिडकीले पोतं, दारावरच्या झरोक्यातबी पोतं, ओलं. आत अंधार, गार. त्यानं माठातलं पाणी देलं.

"साहेबाचं पत्र आलतं," बापू म्हणे. "बर्फानं भोक बुजलं म्हने."

मी पाणी पेलो.

"गुना लिहे, तू माहा आवाज काढतं. काढ बरं."

"नाई होत आता."

"काऊन?"

"बापू, बर्फ नव्हता. पोतं होतं. मी लावलं."

मंग सारं सांगितलं. दस्ताने, चिंध्या, चहा. ते दहा मिनिटंबी सांगितले. बाहेरून मालगाडी गेली, लांब होती. ती जाऊ देली त्यानं.

"शेगडी कोनं घेतली आत?"

"गुणानं."

"मीच शिकवलं त्याले, फटी बुजवणं." त्यानं माठावर झाकण ठेवलं. "आवाज देला का त्याले?"

"देला. हवालदाराचा. मंग तुमचा."

"काय म्हनलं?"

"गुना, पॅसेंजर सिग्नलले लागली, उठ."

"असं नाई. माह्या आवाजात."

मी एकदा घसा साफ केला आन् म्हटलं. बसका आवाज, अर्धा बिडीचा, अर्धा हाकेचा. त्या अंधारात दोन बापू झाले. तो मान खाली घालून ऐकत होता.

"बराबर हाय," तो म्हणे. "असाच उठवो मी."

मंग उठला, खाटेवर चढला, झरोक्यातलं पोतं ओढून काढलं. उन्हाची पट्टी सरळ जमिनीवर पडली आन् मागून लू आत आली.

"गरम लागते का रे?"

"नाई, बापू."

"मंग राहू दे."

सिग्नलमन गुणवंत, सिंदी रेल्वे. वय बावीस. दरसाल मे महिन्यात मी एक दिवस तिथं जातो. खिडकीले पोतं असते, फटीत चिंध्या असतात, झरोका उघडा. लू सरळ अंगावर येते. आम्ही दोघं त्याच पट्टीत बसतो.