दादाच्या नावावर अडकलेली फाइल

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी प्रोग्रामर आहे; मशीन बंद पडलं की कारण सापडतंच, एवढंच मला माहीत. तरीही हे लिहितेय...

आम्ही जुईनगरला राहतो, आई आणि मी. माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी अचानक गेला. घरातल्या कुठल्याही फोन-लॅपटॉपवरून फाइली उघडता याव्यात म्हणून दादाने एक छोटा सर्व्हर लावला होता. कोड त्याचाच, आणि फाइली त्या कोडशिवाय उघडत नाहीत. त्यात एक रेकॉर्डिंग होतं — दादा आईकडून कटाची आमटी शिकतोय. तो असताना आम्ही ते ऐकून खूप हसलो होतो. त्याचा आवाज तेवढाच उरला होता. पण आता ती फाइल उघडायला गेलं की सर्व्हर कोसळायचा.

आई दर रविवारी विचारायची, "झालं का गं?"

शेवटी चूक सापडली. एखादा लॅपटॉप नेटवर्कमधून निघून गेला की सर्व्हर त्याच्या नोंदीची मेमरी मोकळी करायचा, पण कोडचा दुसरा भाग तीच जागा वापरत राहायचा. मी बदल केला : शेवटचा वापरणारा फाइल सोडेपर्यंत नोंद पुसायची नाही. सर्व्हर कोसळायचा थांबला.

फाइल मात्र उघडेना. 'दुसरीकडे वापरात आहे.' कुठे, ते पाहिलं... दादाच्या लॅपटॉपवर.

त्या लॅपटॉपची डिस्क मी स्वतः काढून कपाटात ठेवलीय. बाकीचा भंगारात गेला. सर्व्हर बंद करून चालू केला, राउटरची वायर काढली. नाव तिथेच.

आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं.

"म्हंजी त्यो ऐकतोय?"

"तसं नसतं, आई."

"मग कसं असतं?"

मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला.

"ऐकू दे मग. आपली काय घाई हाय."

काही दिवस तसेच गेले. मग एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "सोडव आता. मलाबी ऐकायचंय गं त्याला."

मी फाइल जबरदस्तीने सोडवली. नाव गेलं. रेकॉर्डिंग लागलं.

"आरं, चिंच मागनं... हां. हसतोस काय? बायको करून घालंल व्हय तुला?" मग कुणीच बोलत नाही. मग आईचंच हसू. दादा कुठेच नाही. आवाज कापला गेला म्हणावं, तर त्याच्या बोलण्याच्या जागी मागची कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते.

मेमरीच्या चुकीने फाइल बिघडते, हे मला ठाऊक आहे. पण ती एकाच माणसाला वेचून काढत नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला, "माइक खराब असेल." मी म्हटलं, "एकट्या दादापुरता?"

आईने शेवटपर्यंत ऐकलं. हात पदराला पुसले. म्हणाली, "परत त्याच्याकडं देता येतंय का बघ."

सर्व्हर मी चालूच ठेवलाय. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दोनच नावं असतात, आईचा फोन आणि माझा. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही.