फिटरकाकांचा ग्राइंडर

बायको गेल्यावर निवृत्त फिटरकाकांना घर खायला उठायचं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ते धार लावायचा बेंच ग्राइंडर घ्यायला गेले. दुकानदाराने स्वस्तातले दोन काढले. काकांनी ते चालू करून आळीपाळीने दोन्हींच्या मोटरवर तळहात टेकवला. एक थरथरत होता, दुसरा गुमान फिरत होता.

"हा द्या."

"हात पारखी आहे हो काका! घरी घासणार काय?"

"बघू."

घरातल्या सुऱ्या, पटाशी, सगळ्यांना तासाभरात धार लागली. मग काकांनी धीर करून शेजारचं दार वाजवलं. "वहिनी, एखादी बोथट कात्री आहे का?"

वहिनींनी कात्री दिली आणि लगेच दार लावून घेतलं.

पाच मिनिटांचं काम काकांनी दोन दिवस पुरवलं.