अर्ध्या पलंगाची गादी

जनार्दन सबनीस हे आमच्या बडोद्यातल्या वासण्याच्या सोसायटीतले सर्वांत हुशार गिऱ्हाईक. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्याइतका वेळ आमच्यापैकी कोणाकडेच नाही. एका रसायनांच्या कारखान्यात, खरेदी खात्यात, त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही असा नियम होता. काका निवृत्त झाले, नियम झाला नाही. कोथिंबिरीची जुडी आणायला ते वासण्याहून स्कूटर काढून थेट खंडेराव मार्केट गाठतात, आत दोन चकरा मारून प्रत्येक भाजीवालीला भाव विचारतात आणि शेवटी पहिल्याच बाईकडून घेतात. वाचलेल्या पैशांपेक्षा पेट्रोल जास्त जळतं, असं विमलकाकूंनी त्यांना एकदा दाखवून दिलं होतं.

"पेट्रोल वेगळ्या खात्यात जातं," काका म्हणाले.

विमलकाकू म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून मुलींना लसावि-मसावि आला आणि काकूंना कंबरदुखी आली. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. वरची खुर्ची सरकली तरी मला कळतं, त्यामुळे या प्रकरणातलं जे मी पाहिलं नाही ते ऐकलं आहे.

बडोद्यात गादीचा प्रश्न म्हटला की जुन्या माणसांना राजवाडा आठवतो. आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर उपस्थित झाला. सबनिसांची गादी कापसाची, लग्नातली. दर दोन-तीन वर्षांनी काका ती रिक्षात घालून घडियाळी पोळाच्या गल्लीत एका पिंजाऱ्याकडे न्यायचे. तो कापूस पिंजून द्यायचा आणि गादी टम्म फुगून घरी यायची. मग त्या पिंजाऱ्याच्या मुलांनी दुकानात मोबाइलची कव्हरं लावली, आणि गादीला कोणी वाली राहिला नाही. काकांच्या बाजूला एक खड्डा पडला, काकूंच्या बाजूला दुसरा. मधे जो उंचवटा उरला त्याला काका कौतुकाने 'सरहद्द' म्हणायचे. कौतुक त्यांना परवडत होतं. कंबर काकूंची होती.

शेवटी एके सकाळी काकूंना पलंगावरून उठताच येईना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आधी गादी बदला. नाहीतर मला दुसरं काहीतरी बदलावं लागेल."

रिक्षात बसल्या बसल्या काका म्हणाले, "यांचं गादीवाल्यांशी कमिशन असणार."

तरी त्यांनी काम अंगावर घेतलं. साधंसुधं नाही, खरेदी खात्याच्या इतमामाने. अलकापुरीपासून मांडवीपर्यंत गाद्यांचं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. काथ्याची, फोमची, स्प्रिंगची, रबराची, प्रत्येक गादी ते अंगठ्याने दाबायचे, कडा उचलून आत डोकावायचे, मग चपला काढून हातांची घडी घालून आडवे व्हायचे आणि डोळे मिटून भाव विचारायचे. उन्हाळा सुरू झाला तेव्हा सर्वेक्षण सुरू झालं. आंबे संपले तरी ते चालूच होतं. काकू तोवर पाठीखाली घडी घातलेली सतरंजी घेऊन झोपत होत्या. त्यांना रोज संध्याकाळी कामाचा अहवाल मिळत असे.

रसिकभाईंच्या दुकानात मात्र गोष्ट पुढे गेली. रसिकभाईंचं मोठं, थंडगार शोरूम आहे आणि ते गिऱ्हाइकाला बसायला सांगत नाहीत. "बेसो नहीं साहेब, सूई जाओ!" झोपूनच बघा, म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी, तीन दुकानं करून थकलेले काका तिथल्या सगळ्यांत महाग गादीवर झोपून बघायला आडवे झाले आणि खरोखरच झोपले. घोरायला लागले. नोकर उठवायला निघाला तर रसिकभाईंनी त्याला हाताने थांबवलं. थोड्या वेळाने एक जोडपं आलं. रसिकभाई त्यांना हळूच काकांपाशी घेऊन गेले आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "जुओ. रिटायर्ड माणस छे. घरे ऊंघ नथी आवती." घरी यांना झोप येत नाही, आणि इथे बघा! जोडप्याने तीच गादी घेतली. त्यांच्यामागून आलेल्या बाईनेही घेतली.

काका उठले तेव्हा रसिकभाईंनी चहा मागवला आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. काकांनी कमिशन मागितलं. रसिकभाई पोट धरून हसले आणि म्हणाले, कमिशन नाही, पण तुम्हाला भावात कमी करून देतो. घरी आल्यावर काकांनी निकाल जाहीर केला.

"बाजारातली सर्वोत्तम गादी सापडली. प्रश्नच नाही. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती."

"मग घेतली?" काकूंनी विचारलं.

"छे! महाग आहे."

काकू काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा काकांना ती संमती वाटते. सर्वेक्षण आणखी महिनाभर चाललं.

मग तो रविवार आला. मी वर त्यांच्याकडे चहाला गेले होते. काका प्रसन्न होते, कारण त्यांचा हिशोब लागला होता.

"हे बघ लीला," ते मला म्हणाले, "रसिकभाईच्या गादीला पंधरा वर्षांची गॅरंटी. मांडवीवाल्याच्या गादीला पाच वर्षांची, पण किंमत निम्म्याहून कमी. मी आता एकाहत्तर वर्षांचा. पंधरा वर्षांची गॅरंटी घेऊन ती वापरणार कोण? जी वापरायची नाही तिचे पैसे का मोजायचे?"

मी चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तिथेच विरघळलं.

"म्हणजे पाच वर्षांत जायचं ठरवलंय तुम्ही?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी शाळेतला, मुलीला फळ्याशी उभं करून विचारावा तसा.

"ठरवलंय असं नाही गं. अंदाजपत्रकात काहीतरी आकडा धरावा लागतो."

"आणि माझा आकडा? मी चार वर्षांनी लहान आहे तुमच्याहून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"तुझा... तसा वेगळा धरलेला नाही," ते म्हणाले.

"बरं. म्हणजे तुम्ही गेल्यावर मी सतरंजीवर."

"असा अर्थ काढू नकोस, विमल."

"मग कसा काढू? सांगा ना. मी गणिताची बाई आहे, मला समजेल."

काका उठून गॅलरीत गेले आणि तुळशीला पाणी घालत राहिले. तिला सकाळीच घातलं होतं. ताटली भरून पाणी खाली माझ्या गॅलरीत गळायला लागलं. काकूंच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलेलं नाही, तेव्हाही नव्हतं. त्यांनी फक्त माझा कप उचलला, बिस्किटाचा लगदा मोरीत ओतला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी तुझी ॲक्टिव्हा मोकळी आहे का?"

दुसऱ्या दिवशी काका दूध आणायला आणि दुधाचे भाव विचारायला बाहेर पडले, आणि आम्ही दोघी रसिकभाईंकडे गेलो. काकू माझ्यामागे एका हाताने कंबर धरून बसल्या होत्या. दुकानात त्या एकदाच आडव्या झाल्या. कूस बदलली, परत उताण्या झाल्या, छताकडे बघत म्हणाल्या, "ही."

रसिकभाईंनी त्यांना ओळखलं नव्हतं. पत्ता सांगितला तेव्हा ते सावध झाले. "काकाने पूछी लो ने, बेन." काकांना विचारून घ्या, म्हणाले.

"पाठ माझी आहे," काकू म्हणाल्या. "आणि पेन्शनही माझी आहे. पण पूर्ण नको. पलंगाच्या अर्ध्या मापाची द्या."

"ने बीजी साइड?" दुसऱ्या बाजूचं काय, असं रसिकभाईंनी मोठ्या काळजीने विचारलं.

"त्या बाजूचं टेंडर अजून उघडायचंय."

रसिकभाई मराठीच्या शेजारी जन्म काढलेला माणूस. टेंडर शब्द तर कोणत्याच भाषेत सांगावा लागत नाही. त्यांनी निमूटपणे कार्ड मशीनमध्ये घातलं.

दुपारी टेम्पो आला तेव्हा काका घरीच होते. गादी कोणी मागवली यावरून हमालांशी त्यांचा वाद झाला, तो मी खालून ऐकला. मग काकूंचा आवाज आला. मग काकांचा, एकदम बारीक झालेला आवाज:

"भाव किती कमी केलास?"

"केलाच नाही."

"म्हणजे, लिहिलेल्या किमतीला?"

"लिहिलेल्या किमतीला."

सबनिसांच्या घराण्यात संस्थानच्या काळापासून लिहिलेल्या किमतीला कोणी काही घेतलं नसावं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी काकूंनी पोहे करून दिले ते मात्र खाल्ले.

आता त्या पलंगाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला आठ इंच जाडीची पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर काकू. दुसऱ्या बाजूला जुन्या कापसाच्या गादीचा उरलेला अर्धा भाग. तो काकूंनीच कात्रीने कापून, कडा शिवून दिला होता. त्याच्यावर, म्हणजे खरं तर त्याच्यात, काका. कोणतीच चादर नीट बसेना. काका बोलायला लागले तर त्यांना वर बघून बोलावं लागे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा बदल काकूंना चांगलाच मानवला असावा, कारण पावसाळा संपेतो त्या जिना कठडा न धरता उतरायला लागल्या. सकाळी सोसायटीभोवती चार फेऱ्या मारायच्या, आणि चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचं ते तेज, जे बघून झोप न झालेल्या माणसाचा संताप होतो.

पाहुण्यांना काका सांगत, "मुद्दामच ठेवलंय असं. तुलना चालू आहे."

तुलना ते करतही होते. गुरुवारी काकू महिला मंडळात गेल्या की वर पलंग करकरायचा आणि दहा मिनिटांत घोरणं सुरू व्हायचं. एका गुरुवारी व्याख्यात्याच आल्या नाहीत, म्हणून काकू लवकर परतल्या. काका काकूंच्या गादीवर पाय पसरून झोपले होते. काकूंनी उठवलं नाही. त्या खालच्या खड्ड्यात, काकांच्या बाजूला, गुपचूप जाऊन पडल्या. काका जागे झाले आणि त्यांनी खाली बघितलं, तर बायको कापसाच्या त्या वळकटीवर कण्हत कूस बदलत होती.

हे मला काकांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते कोणाचा भाव पाडत नव्हते. "लीला, ती इतकी वर्षं अशी झोपत होती," ते म्हणाले. "मला वाटायचं ती सवयीने कण्हते." मग म्हणाले, "वरून बघितलं तेव्हा दिसलं."

मलाही टोमणा आवरता येतो कधीकधी.

दिवाळीच्या आधी ते एकटेच रसिकभाईंकडे गेले. भाव न करता घ्यायचं ठरवून गेले होते, असं ते शपथेवर सांगतात. पण आठ इंचाची गादी कंपनीने बंद केली होती, आता होती ती दहा इंचाची, आणि जास्त किमतीची. मांडवीवाल्याकडे जाऊन येतो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पैसे दिले. बदल्यात दोन उशा मात्र फुकट काढल्या. माणूस एका दिवसात किती सुधारणार?

आता काका काकूंपेक्षा दोन इंच वर झोपतात. काकूंनी त्याबद्दल एवढंच म्हटलं, "चला, एका तरी बाबतीत पुढे गेलात." उशा दगडासारख्या निघाल्या आणि दोन्ही माझ्याकडे आल्या. एक मी गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून लावली आहे.

सोसायटीत काकांना हल्ली गादीतले तज्ज्ञ मानतात. परवा माझ्या शेजारचे दत्ताजीराव मान आखडली म्हणून त्यांना सल्ला विचारायला आले. जिन्यातच दोघांची भेट झाली. काकांनी त्यांना फोम, काथ्या, रबर, स्प्रिंग, सगळं समजावून सांगितलं, कोणत्या दुकानात पंखा आहे आणि कुठे एसी, तेही सांगितलं.

"पण घाई करू नका," शेवटी काका म्हणाले. "झोपेचा मामला आहे, निवांत ठरवा."

दत्ताजीराव मान वाकडी ठेवूनच हो म्हणाले. वरच्या कठड्यावरून काकू ओरडल्या, "दत्ताजीराव, त्यांचं ऐकू नका! आजच जा!"